स्कीवाल्यांची आगोट

गारठलेला_नाशिककर | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

(शीर्षक आधी वेगळं होतं. का बदललं ते खाली अलिबागच्या ताईंच्या प्रतिसादात कळेल.)

गेले तीन आठवडे आमच्या गॅरेजात गाडी उभी राहत नाही. तिथे आता घोडीवर उलटी टाकलेली एक स्की आहे, इस्त्री आहे, पितळी ब्रश आहे आणि खाली जांभळ्या मेणाचा कीस सांडलेला आहे. आई नाशिकहून आली आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "खोबऱ्याला रंग कशाला दिलात रे?"

मी मिनिआपोलिसमध्ये ११ वर्षं राहतोय. त्यातली पहिली पाच वर्षं हिवाळा म्हणजे घर, गाडी, ऑफिस आणि रविवारी भजी. मग शेजारी एक जोडपं राहायला आलं. दोघंही कॉलेजच्या टीममधून क्रॉस-कंट्री स्की रेस करायचे, ती व्हरमाँटमध्ये आणि तो इथे उत्तरेला डुलुथला. त्यांच्या मागोमाग त्यांची टोळी आली: एक डेंटिस्ट, एक शाळामास्तर, एक सुतारकाम करणारा, एक वकील. सगळे चाळिशीच्या आगेमागे. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला हजर, पाऊस असो की डास. मी त्यांच्यात कसा ओढला गेलो ते सांगत बसत नाही. एका बार्बेक्यूत बिअर जास्त झाली होती एवढं पुरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिफ्टने डोंगरावर जाऊन खाली घसरत यायचं ते वेगळं. हे म्हणजे बर्फावरचं पळणं. चढ आपणच चढायचा, उतार फुकट. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र दोन्ही प्रकार, शिवाय मुलं आणि मुली, सगळ्यांचे गुण एकाच बेरजेत जातात. व्हरमाँटवाली म्हणते, "आमची निम्मी टीम आम्हाला फक्त बसमध्ये भेटायची."

बाविसाव्या वर्षी कॉलेज संपतं. दोघं-चौघं पुढे व्यावसायिक टीममध्ये जातात, बाकीचे नोकरीला लागतात. रेस सुटते, पण अंगाला लागलेलं कॅलेंडर सुटत नाही. या लोकांचं नवीन वर्ष १ मेला सुरू होतं. (महाराष्ट्र दिनाचा काही संबंध नाही, स्कीवाल्यांच्या सरावाचं वर्ष जगभर तिथूनच मोजतात. मी मात्र त्या दिवशी त्यांना श्रीखंड खाऊ घालतो.) मे ते ऑक्टोबर हे लोक पळतात, सायकल मारतात, काठ्या घेऊन टेकडीवर उड्या मारत चढतात आणि रोलर-स्की करतात.

रोलर-स्की म्हणजे दोन-सव्वादोन फुटांची दांडी, दोन्ही टोकांना चाक, वर बूट अडकवायची सोय. ब्रेक नाही. परत वाचा, ब्रेक नाही. हातातल्या काठ्यांना कार्बाइडची टोकं असतात, मिसिसिपीच्या काठच्या डांबरी वाटेवरून सहा जण निघाले की ती एका लयीत टक-टक-टक वाजतात. सप्टेंबरात पुलाकडच्या उतारावर मी 'जमेल' म्हणालो. जमलं नाही. गवतात गेलो, कोपर सोललं. चूक शंभर टक्के माझी, उतारावर काढून हातात घे असं दोनदा बजावलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. मला वाटायचं, हे लोक तयारीत काय शिकवणार, तर जोरात कसं जायचं. सहा वर्षांत मला एकच गोष्ट शिकवली गेली आहे: हळू कसं जायचं. यांच्या भाषेत 'लेव्हल वन'. गप्पा मारता येतील इतकाच वेग. आणि गंमत म्हणजे हे त्यांनाच जमत नाही! कोणीतरी अर्धं पाऊल पुढे काढतो, दुसरा ते भरून काढतो, दहा मिनिटांत सगळे गप्प आणि फक्त श्वास ऐकू येतोय. म्हणून टोळीचा नियम आहे: ज्याच्यामुळे गप्पा थांबल्या, त्याने कॉफी पाजायची. डुलुथवाल्याचे दरवर्षी बरेच पैसे जातात.

व्हरमाँटवालीकडे कॉलेजच्या सरावाच्या वह्या आहेत. शेवटच्या वर्षाच्या वहीत मागच्या पानावर बेरीज आहे: ५६० तास. गेल्या वर्षीची बेरीज २३०. दोन्ही आकडे तिने मला दाखवले, वही मिटली आणि म्हणाली, "दुसरा आकडा काढायला जास्त त्रास झाला." तिला दोन मुलं आहेत, धाकटं तीन वर्षांचं.

मेणाबद्दल वेगळं लिहायला लागेल. कोणाला रस आहे का?

---

चिंचपोकळी_फास्ट | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ब्रेक नसलेल्या गोष्टीवर पैसे देऊन उभं राहायचं? आमच्याकडे त्याला लग्न म्हणतात.

लिहा हो मेणाबद्दल. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

सोडे_आणि_सुकट | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

वाचताना सारखं वाटत होतं की हे मला माहीत आहे. ही तर आगोट!

घाटावरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे अलिबागला पाऊस लागायच्या आधी घराघरात जी बेगमी चालते ती आगोट. सुकट, बोंबील, सोडे वाळवून डब्यात, मसाला कुटून बरण्यांत, लाकडं कोरड्यात, घर शाकारून. मे महिन्यात आजीला विचारलं "काय चाललंय", तर उत्तर एकच: "आगोटीचं." आणि तिच्या प्रत्येक डब्यावर मागच्या वर्षीचा हिशोब असायचा. गेल्या साली एवढे सोडे लागले, औंदा माणसं कमी, तर कमी.

तुमच्या त्या बाईंची वही म्हणजे आमच्या आजीचे डबे.

---

गारठलेला_नाशिककर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

ताई, शब्द चोरला. शीर्षक बदलतो. व्हरमाँटवालीला अर्थ सांगितला, तिने फ्रीजवर इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलाय, उच्चार 'अगॉट' करते.

आता मेण. एप्रिलात बर्फ संपला की स्कीच्या तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीने पसरतात आणि न खरवडता तसाच सोडतात, म्हणजे उन्हाळ्यात तळ कोरडा पडत नाही. ऑक्टोबरात तो थर प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढायचा, ब्रश मारायचा आणि नवा द्यायचा. गॅरेजातला कीस तोच. हे झालं घसरायचं मेण.

क्लासिक प्रकारात (दोन्ही स्की समांतर, सरळ पुढे; दुसरा प्रकार स्केट, त्यात स्केटिंगसारखे पाय तिरके ढकलायचे) दुसरं मेण लागतं, धरायचं. स्की धनुष्यासारखी बाकदार असते. दोन्ही पायांवर उभं राहिलं तर तिचा मधला भाग बर्फापासून किंचित वर राहतो. एका पायावर सगळं वजन देऊन दाबलं की टेकतो. त्या मधल्या पट्ट्यात हे मेण फासतात. बर्फाचे कण त्यात क्षणभर रुततात, स्की धरली जाते, तेवढ्यात मागे रेटायचं. पाय उचलला की सुटली, घसरली. अंगठ्याएवढ्या डब्या असतात, थंडीप्रमाणे रंग. कडक थंडीत बर्फाचे कण टणक आणि टोकदार, म्हणून मेणही कडक, ते हिरवं. त्याहून ऊब असेल तर निळं, मग जांभळं, मग लाल. आणि बर्फ एकदा वितळून परत गोठला असेल तर क्लिस्टर. ते ट्यूबमधून येतं आणि हुबेहूब फणसाचा चीक. हाताला लागलं की दाराच्या कडीला, तिथून बायकोच्या पर्सला. पुढचं लिहीत नाही.

स्की निवडतात तीही उंचीपेक्षा वजनावर. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभं राहायचं, दुसऱ्याने पायाखालून कागद सरकवायचा. सरकला पाहिजे. मग एका पायावर भार द्यायचा. आता कागद अडकला पाहिजे. दोन्हीत पास झाली तर स्की तुमची.

डुलुथवाल्याच्या फळीवर कॉलेजच्या काळातली फ्लोरो पावडरची, म्हणजे फ्लोरिनवाल्या मेणाची, एक चिमुकली डबी आहे. ओल्या बर्फावर ती म्हणे जादू करायची. किंमत म्हणे सोन्याच्या तोलाची. पण ती पीफास कुळातली रसायनं, पर्यावरणात न विघटणारी. वर्ल्डकपच्या तंत्रज्ञांच्या रक्तातही ती भरपूर सापडली होती, कारण इस्त्रीचा धूर हिवाळाभर त्यांच्याच नाकात. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून ती पूर्ण बंद केली. डबी कचऱ्यात टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावी लागते. दर ऑक्टोबरात तो म्हणतो, "या वर्षी नेऊन देतो." डबी तिथेच आहे. उघडत नाही, देतही नाही.

---

पायपीट_पुणे | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हळू पळण्याबद्दल +१००. आम्ही दर रविवारी सिंहगड करतो. ग्रुपमध्ये दोन माजी विद्यापीठ धावपटू आहेत, त्यांना कुणी मागून आलेलं खपत नाही. दही विकणाऱ्या मावशींनी ओव्हरटेक केलं तरी मान वळते. कॉफीचा नियम आजपासून लागू करतोय, फक्त कॉफीऐवजी पिठलं-भाकरी.

प्रश्न: सहा महिने हळू करून रेसमध्ये वेग येतो कुठून?

---

गारठलेला_नाशिककर | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

आठवड्यातून एकदा-दोनदा जोरात करतातच. काठ्या घेऊन टेकडीवर उड्या, चार-चार मिनिटांचे पाच फेरे, मध्ये खाली चालत यायचं. तेव्हा कोणी बोलत नाही आणि कॉफीही लागू नाही. हळूचा उद्देश हा की त्या दिवशी पाय ताजे असावेत.

---

फ्योर्डकाठची_वैनी | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

ओस्लोहून. त्या काठ्यांच्या उड्यांना इथे 'एल्गहुफ्स' म्हणतात, एल्ग म्हणजे ते भलंमोठं सांबर. आमचे साहेब ट्रोंडहाइमला शिकताना रेस करायचे, आता पन्नाशीत आहेत, तरी पावसाळी ऑक्टोबरात चिखलाच्या टेकडीवर एल्ग होऊन चढतात. बघवत नाही.

एक फरक जाणवला. तुमच्याकडे ही एक टोळी आहे, इथे अख्खं गाव. मेट्रोत स्की घेऊन चढतात, शेवटच्या स्टेशनावर उतरून थेट जंगलात. रात्री दिव्यांच्या वाटा असतात, ऑफिस सुटल्यावर लोक टाय काढून तिथे. त्यामुळे 'माजी रेसर' ही काही विशेष जात नाही. माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, भाजीवाल्याचा जावई, सगळेच माजी.

आणि तुमच्या अमेरिकेतल्या मोठ्या स्की रेसचं, बर्केबाइनरचं, नाव मूळ इथलं बरं का. १२०६ साली यादवी चालू असताना बिर्केबाइनर सैनिकांनी लहानग्या राजपुत्राला, हाकोनला, स्कीवरून डोंगरापार नेऊन वाचवलं. पायांना बर्चची साल गुंडाळायचे म्हणून ते नाव. आजही इथल्या रेना ते लिलेहामर रेसमध्ये प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी सक्तीची असते, त्या बाळाची आठवण म्हणून. साहेब पिशवीत काय भरतात? मेतकूट-भाताचा डबा आणि वजन भरेपर्यंत वाळू.

---

गारठलेला_नाशिककर | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:००

वैनी, मेतकूट-भात थिजत नाही?

---

फ्योर्डकाठची_वैनी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

थिजतो. तरी खातात.

---

सुभेदार_निवृत्त | ५ नोव्हेंबर, सकाळी ५:४५

जय हिंद. साताऱ्याचा आहे, सव्वीस वर्षं फौजेत होतो. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी कोर्स केला आहे. आमच्या स्की जड, बूट जड, पाठीवर पिठ्ठू आणि हत्यार. चढाला स्कीखाली कातडीची पट्टी लावायची, केसांचा कल मागे, म्हणजे पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. तुमच्या चिकट मेणाचं काम आमच्याकडे ती पट्टी करायची.

पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले, आधी पडायला शिका. पूर्ण दिवस पडलो. माणदेशातला माणूस मी, बर्फ पाहिलेला तो लग्नातल्या सरबतात.

आपल्या देशातले क्रॉस-कंट्रीचे ऑलिंपिकपटू बहुतेक याच शाळेच्या वाटेने गेले. २०१८ ला कोरियात जगदीश सिंग उतरला होता, १५ किलोमीटरला. ही खबर मराठी पेपरात चार ओळींची आली होती, कापून ठेवली आहे.

एक विचारतो. या लोकांना पडायला कोण शिकवतं?

---

गारठलेला_नाशिककर | ५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

काका, कोणी नाही, आणि तीच अडचण आहे. हे सगळे सहा-सात वर्षांचे असताना पडून मोकळे झाले, त्यांना आठवतच नाही. मला शिकवताना डुलुथवाला मनापासून विचारतो, "पण तू पडतोस का?"

---

खडूस_खारीक | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

लेखन छान. पण सरळ विचारतो. दोन प्रकारच्या स्की, बूट, काठ्या, मेण, रोलरची चाकं. हा पैसेवाल्यांचा खेळ नाही का? आणि स्कीवाल्यांचं नेहमीचं: हवामान बदललं म्हणून हळहळायचं, मग बर्फ नसला की अडीच तास गाडी जाळून मशीनच्या बर्फावर खेळायला जायचं. याची वही ठेवतं का कोणी?

---

गारठलेला_नाशिककर | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पैशाचं आधी. नवीन घेतलं तर हो, महाग आहे. पण इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळांच्या जिममध्ये जुन्या सामानाचा बाजार भरतो. माझी पहिली स्की, बूट आणि काठ्या मिळून ९० डॉलरना आल्या, रोलर-स्की सुतारदादाची जुनी, फुकट. टोळीतल्या कोणाची चालू स्की दहा वर्षांपेक्षा नवी नाही. वकिलाची आहे, पण वकील आहे.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे साफ उत्तर नाही. २०२३-२४ चा हिवाळा सांगतो. इथे बर्फ जवळजवळ पडलाच नाही, जानेवारीत लोक गोल्फ खेळत होते. आमच्या सगळ्यांची वारी म्हणजे फेब्रुवारीअखेरची अमेरिकन बर्केबाइनर, विस्कॉन्सिनमध्ये केबलहून हेवर्डला. १९७३ पासून चालू, स्केट प्रकारात ५० किलोमीटर, आणि शेवट गावाच्या मुख्य रस्त्यावर बर्फ पसरून केलेला. २०१७ ला पावसाने आणि उकाड्याने रेस रद्दच झाली होती. २०२४ ला मशीनने बनवलेल्या बर्फाच्या १० किलोमीटरच्या वर्तुळावर गोल गोल फिरवली. सहा महिने आगोट केली आणि पाऊसच आला नाही, असं.

त्याच फेब्रुवारीत मिनिआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात वर्ल्डकप होता. २००१ नंतर अमेरिकेत पहिल्यांदा. खरं तर मार्च २०२० ला व्हायचा होता, तो कोविडने खाल्ला. मशीनच्या बर्फाची पट्टी, दोन्ही बाजूंना हजारो माणसं. आमच्याच राज्यातली जेसी डिगिन्स (२०१८ ला किकन रँडलबरोबर अमेरिकेचं या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली) धावत होती. रविवारी पुरुषांची १० किलोमीटर अलास्काच्या गस शूमाकरने जिंकली, तेव्हा शाळामास्तर रडला. त्याचा आणि अलास्काचा काही संबंध नाही.

गाडीचं म्हणाल तर सहा जण एका गाडीतून जातो. एवढ्याने हिशोब मिटत नाही, मान्य.

---

वैद्यबुवा_एमडी | ७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

धाग्याला गालबोट लावत नाही, पण चाळिशीतल्या माजी रेसर मंडळींसाठी एक. स्वीडनची वासालोपेट, ९० किलोमीटर, १९२२ पासून चालते. १९८९ ते १९९८ मध्ये ती पूर्ण करणाऱ्या ५२ हजारांवर लोकांची पुढची प्रकृती तिथल्या संशोधकांनी नोंदींतून तपासली, निबंध २०१३ चा. ज्यांनी ती जास्त वेळा केली आणि जे जास्त वेगात आले, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त होतं, मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन. त्याच वेळी हेही खरं की एकूण मृत्युदर या स्कीवाल्यांत सर्वसामान्य लोकांपेक्षा कमी आढळला आहे. म्हणजे खेळ सोडा असं नाही. छातीत फडफड झाली तर "काल कॉफी जास्त झाली" म्हणून सोडू नका, एवढंच.

दुसरं, गार कोरड्या हवेत जोर केल्यावर खोकला लागतो, त्याला हे लोक कौतुकाने नाव देतात. बऱ्याचदा तो दमा असतो. तोंडावर कापडी नळी ओढा, श्वास जरा ऊबदार जातो.

---

गारठलेला_नाशिककर | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद भाषांतर करून टोळीत पाठवला. दोन तास कोणी काही लिहिलं नाही. मग डेंटिस्टने एकट्याने उत्तर दिलं: "मंगळवारी बोलू." मंगळवारी तो आपण होऊन सगळ्यांच्या मागे असणार, लिहून देतो.

---

रेवाची_आई | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

आम्हीही मिनेसोटात, मेपल ग्रोव्हला. लेक नववीत, शाळेच्या नॉर्डिक (म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीच्या) टीममध्ये यंदा पहिलंच वर्ष. मैत्रीण गेली म्हणून ही गेली. मला वाटलं दोन दिवसांत परत येईल. आता पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्याला रबरी दोऱ्या बांधून ओढत बसते, काठ्यांची ताकद म्हणे. कुकरच्या शिट्टीवर मोजते: तीन शिट्ट्या म्हणजे एक सेट.

काल कोचने पालकांना मेण लावायला बोलावलं. मी इस्त्री हातात घेतली आणि सरळ साडीसारखी फिरवली. कोच धावत आले. थांबायचं नाही, एकाच दिशेने, एकदाच, नाहीतर तळ जळतो. एका स्कीला बोटभर डाग पडलाय. माझ्याच लेकीची निघाली, एवढं नशीब.

---

सोडे_आणि_सुकट | १० नोव्हेंबर, रात्री ९:००

कुकरच्या शिट्टीवर सेट! हे वाचून माझा भात लागला.

---

गारठलेला_नाशिककर | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५५

आगोट संपली.

गुरुवारपासून सगळे फोनमध्ये तोंड घालून बसले होते. बर्फाच्या तोफा चालवायला नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडी लागते. आपल्या माठासारखं: कोरड्या हवेत माठातलं पाणी जास्त गार होतं, तसे तोफेतले तुषार जास्त झटकन गोठतात. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर उणे दोनच्या खाली गेला की काम सुरू. शुक्रवारी रात्री गेला. आज संध्याकाळी पार्कात छोटं वर्तुळ उघडलं.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढी पट्टी, बाजूला ओली पानं. मशीनचा बर्फ पडल्यासारखा नसतो, भरड मिठासारखा असतो. गर्दी इतकी की दादरचा पूल आठवला. शाळकरी मुलं कडेने सूं करून जात होती. सतरा-अठराची एक पोरगी व्हरमाँटवालीच्या डाव्या बाजूने गेली, वळणावर एक पाय हलका उचलून, काही विशेष केल्यासारखं न दाखवता. मी मागेच होतो. व्हरमाँटवालीचे खांदे किंचित पुढे झुकले. दोन जोरदार ढकल्या, तीन. मग ती सरळ झाली आणि मागे वळून माझ्याशी बोलायला लागली. तिच्या धाकट्याने दुपारी जेवताना काय केलं ते, अगदी सविस्तर. पूर्ण फेरीभर बोलत होती.

कॉफी अर्थातच डुलुथवाल्याने पाजली.

---

चिंचपोकळी_फास्ट | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी पुढच्या महिन्यात प्रोजेक्टवर सहा महिन्यांसाठी मिनिआपोलिसला येतोय. हा धागा वाचून एकाकडून वापरलेली क्लासिक स्की ठरवून ठेवली, १९५ सेंटिमीटर. माझं वजन ८४. चालेल का?

---

गारठलेला_नाशिककर | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

पैसे अजून देऊ नका. आधी गॅरेजात घेऊन या, कागद आहे आमच्याकडे.